जाहिरातीआधीची कामे: ग्राहकांपर्यंत पोहोचण्याचा एक क्रम

व्यवसाय थोडाफार स्थिरावला की मालकाला पडणारा पहिला प्रश्न बहुधा 'जाहिरात कुठे करावी' हा असतो. त्याचे उत्तर द्यायला उत्सुक माणसेही भरपूर भेटतात, कारण जागा, वेळ आणि क्लिक विकणाऱ्यांचा तोच धंदा आहे. प्रत्यक्षात हा प्रश्न क्रमाने बराच नंतरचा आहे. आपल्याकडून आतापर्यंत कोणी घेतले, का घेतले, त्यांच्यासारखी माणसे आणखी कुठे सापडतील आणि त्यांतल्या एकाला आणण्यासाठी किती खर्च परवडतो, हे ठाऊक नसताना जाहिरातीवर घातलेला पैसा वाया जातोच असे नाही. पण तो कामी आला की वाया गेला हे कळण्याचा मार्ग उरत नाही, आणि खरे नुकसान तिथे होते. म्हणून पुढील मांडणी आतून बाहेर जाते: आधी असलेले ग्राहक, मग त्यांच्यासारखे इतर, मग सांगायचा मजकूर, आणि त्यानंतर मार्ग व हिशेब. मर्यादित बजेट असलेले लहान आणि मध्यम व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून ती केली आहे.

घेऊन गेलेल्यांशी बोलणे

सर्वांत आधी अलीकडे खरेदी केलेल्या दहा-पंधरा ग्राहकांशी प्रत्येकी अर्धा तास शांतपणे बोलावे. प्रश्नावली पाठवून हे काम होत नाही, कारण प्रश्नावलीत आपल्याला आधीच सुचलेलेच पर्याय असतात आणि आपल्याला हवे असते ते न सुचलेले. विचारायचे ते घडून गेलेल्याबद्दल: शोध सुरू करण्याच्या आधी नेमके काय झाले होते, तोपर्यंत काम कसे भागवले जात होते, आणखी कोणाकडे चौकशी केली, निर्णय घेताना कशामुळे अडखळायला झाले आणि शेवटी पारडे कशाने झुकले. 'अशी सेवा आणली तर घ्याल का' हा प्रश्न मात्र टाळावा. समोरच्याला आपले मन मोडायचे नसते, होकार द्यायला काही पडत नाही, आणि माणसे स्वतःच्या भविष्यातल्या वागणुकीचा अंदाज फारसा बरोबर करत नाहीत. काल काय केले हे ती बऱ्यापैकी खरे सांगू शकतात.

या संभाषणांतले शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत. समजा, एखादी कंपनी छोट्या कार्यालयांसाठी पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर विकते. ती स्वतःचे वर्णन 'सर्वसमावेशक मनुष्यबळ व्यवस्थापन प्रणाली' असे करत असेल. ग्राहक मात्र म्हणतो, 'महिनाअखेरीचे दोन दिवस यातच जातात आणि तरी कोणाची तरी रजा चुकीची धरली जाते.' जाहिरातीत जायला हवे ते दुसरे वाक्य. पहिल्या वाक्यात कंपनी स्वतःशीच बोलते आहे. १९६० मध्ये थिओडोर लेव्हिट यांनी एका गाजलेल्या लेखात रेल्वे कंपन्यांचे उदाहरण देऊन हेच दाखवले होते: प्रवासाची आणि मालवाहतुकीची गरज वाढतच होती, तरी आपण वाहतुकीच्या नव्हे तर रेल्वेच्या धंद्यात आहोत असे मानल्यामुळे त्या कंपन्या मागे पडल्या. ग्राहकाला कोणते काम उरकायचे आहे हे त्याच्या तोंडून ऐकले, तर हा भ्रम लवकर उतरतो.

चौकशी करून गेलेल्या, पण खरेदी न केलेल्या पाच-सात जणांनाही गाठावे. ही संभाषणे अवघड जातात आणि म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात. पण किंमत, विश्वास, वेळ की निव्वळ आळस, यांपैकी कशामुळे गाडी अडली हे तेच सांगू शकतात. ज्यांच्याकडे अद्याप एकही ग्राहक नाही त्यांनी ते काम सध्या दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने करून घेणाऱ्यांशी बोलावे. असे कोणी सापडतच नसेल, तर गरज खरी आहे का हा प्रश्न जाहिरातीच्या आधी सोडवायला हवा.

कोणासाठी, आणि कोणासाठी नाही

बाजार एकसंध नसतो आणि त्याचे गट पाडून प्रत्येकाला वेगळी वागणूक देता येते, ही कल्पना वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये सूत्ररूपाने मांडली. तेव्हापासून वय, लिंग, उत्पन्न आणि वस्ती यांवर गट पाडण्याची सवय सर्वत्र रुळली, कारण ही माहिती सहज मिळते. तिचा उपयोग मात्र मर्यादित असतो. पस्तीस वर्षांचे, सारखे उत्पन्न असलेले दोन जण एकाच आठवड्यात पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर शोधत नाहीत. ज्याच्याकडे कर्मचाऱ्यांची संख्या अलीकडेच वाढली आहे किंवा ज्याचा हिशेबनीस नोकरी सोडून गेला आहे, तो शोधतो. म्हणून गट शक्यतो परिस्थितीवरून पाडावेत: कोणत्या घटनेनंतर ही गरज उभी राहते, हे पहिल्या टप्प्यातल्या संभाषणांतून दिसलेले असतेच.

गट पाडल्यावर एक निवडावा. त्याची गरज तातडीची असावी, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची निश्चित जागा असावी, त्याच्याकडे पैसे असावेत आणि त्याचे काम आपण इतरांपेक्षा खरोखर चांगले करत असावे. यांतली दुसरी अट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. कागदावर उत्तम दिसणारा गट जर कोणत्याही एका ठिकाणी जमतच नसेल, एकसारखे काही वाचत वा शोधत नसेल, तर त्याला गाठण्याचा खर्च नफा खाऊन टाकतो. निवडीबरोबरच आपण कोणासाठी नाही हेही लिहून ठेवावे. विक्री करणाऱ्या माणसाला महिन्याचे लक्ष्य गाठायचे असते आणि तो येईल त्याला हो म्हणतो. ज्याला आपली सेवा बसत नाही असा ग्राहक पुढे तक्रारी, परतावे आणि वाईट अभिप्राय घेऊन येतो.

इथे एक सावधगिरी. अरुंद गटावर लक्ष ठेवण्याचा सल्ला हा तुटपुंज्या बजेटपुरता आहे, तो सार्वकालिक नियम नव्हे. अँड्र्यू एरेनबर्ग आणि त्यांच्या परंपरेतल्या संशोधकांनी दैनंदिन वापराच्या वस्तूंच्या खरेदीचा अनेक दशके अभ्यास केला. लहान ब्रँडकडे ग्राहक तर कमी असतातच, शिवाय ते किंचित कमी वेळा खरेदी करतात, असे त्यात वारंवार आढळले. त्यामुळे अशा बाजारात वाढ होते ती मुख्यतः अधूनमधून घेणाऱ्या असंख्य लोकांमुळे, मूठभर निष्ठावंतांमुळे नव्हे. वस्तू सर्वांना लागणारी असेल आणि पैसा हाताशी असेल, तर एका टप्प्यानंतर जाळे रुंद करावेच लागते. प्रश्न केवळ ते कधी करायचे हा आहे, आणि पहिला गट नफ्यात आल्याशिवाय नाही, असे माझे मत आहे.

रुंदावताना मजकूरही बदलावा लागतो. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसाराची जी मांडणी केली, तीत अगदी पहिले स्वीकारणारे २.५ टक्के आणि त्यांच्या मागोमाग येणारे १३.५ टक्के धरले आहेत. हे आकडे कोणत्याही एका बाजाराचे मोजमाप नसून सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत. तरी त्यामागचे निरीक्षण उपयोगी आहे. पहिल्यांना नावीन्य पुरते, नंतरच्यांना आपल्यासारख्या इतरांनी ते वापरलेले दिसावे लागते. पहिल्यांसाठी लिहिलेली जाहिरात नंतरच्यांवर चालली नाही, तर दोष माध्यमाचा असेलच असे नाही.

मजकूर आणि विश्वास

सांगायचे ते एका वाक्यात बसते का, हे आधी पाहावे: कोणासाठी, कोणती अडचण, आमच्यामुळे काय बदलते. त्यानंतर ओघाने येतो तो 'हे मी खरे का मानावे' हा प्रश्न, आणि बहुतेक जाहिराती तिथे गप्प बसतात. 'उत्कृष्ट दर्जा', 'तत्पर सेवा', 'ग्राहकांची पहिली पसंती' ही विधाने प्रत्येक स्पर्धकही करत असल्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून नुसतीच जातात. एक सोपी चाचणी अशी: आपल्या वाक्यातले नाव काढून स्पर्धकाचे नाव घातले आणि वाक्य तसेच खरे वाटले, तर ते खोडावे. 'तत्पर सेवा' ऐवजी 'तक्रार नोंदवल्यापासून चार तासांच्या आत तंत्रज्ञ फोन करतो' असे लिहिता येते, अर्थात तो खरोखर करत असेल तर. अमेरिकी जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा आग्रह धरला होता की मोघम दावा ऐकणाऱ्याच्या मनावर काहीच ठेवून जात नाही, नेमका दावा मात्र एकतर खरा असतो किंवा खोटा, आणि लोक तो बहुधा खरा मानतात.

विश्वास मिळवण्याचे सर्वांत सबळ साधन म्हणजे धोका स्वतःकडे घेणे. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत टपालाने माल विकण्यास सुरुवात केली, तेव्हा न पाहिलेल्या दुकानदाराला न पाहिलेल्या मालासाठी आगाऊ पैसे पाठवावेत असे खेड्यातल्या शेतकऱ्यांना सांगायचे होते. त्यांनी १८७५ मध्ये पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी जाहीर केली आणि ती पुढे त्या व्यवसायाची ओळख ठरली. हमी का चालते याचे स्पष्टीकरण जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधातून मिळते. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा घेणारा सर्वांनाच सरासरी धरून कमी किंमत देऊ पाहतो आणि चांगला माल असलेला विक्रेता बाजारातून हटतो. वाईट माल विकणाऱ्याला परताव्याची हमी परवडत नाही. म्हणून ती देणे हाच दर्जाचा पुरावा होतो. अटींच्या बारीक अक्षरांत गुंडाळलेली हमी हे काम करत नाही. हमी देण्याआधी परताव्याचे प्रमाण किती वाढू शकते याचा अंदाज घ्यावा आणि तो सोसवणार नसेल, तर आधी वस्तू सुधारावी.

दुसरा पुरावा इतरांच्या अनुभवाचा. इंग्लंडचे कुंभकार जोसाया वेजवुड यांनी १७६५ मध्ये राणी शार्लटसाठी चहाचा संच घडवला आणि त्यानंतर त्या प्रकारची भांडी राणीच्या नावानेच विकली. आज हे काम ग्राहकांचे अभिप्राय करतात. अभिप्राय मागण्याची योग्य वेळ म्हणजे काम झाल्याबरोबर नव्हे, तर त्याचा फायदा ग्राहकाला प्रथम जाणवतो तेव्हा: सॉफ्टवेअर बसवल्याच्या दिवशी नव्हे, पहिले पगारपत्रक बिनचूक निघाल्यावर. विकत घेतलेले वा कर्मचाऱ्यांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय नैतिकदृष्ट्या तर चूक आहेतच, अनेक देशांत ते बेकायदाही आहेत. अमेरिकेत बनावट अभिप्रायांवर दंडाची तरतूद असलेला स्वतंत्र नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

मजकूर कितीही नेटका असला तरी त्याच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी असतात. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी अशी जी चौकट दिली, तीत प्रसिद्धी हा चौथा भाग आहे. किंमत चुकली असेल किंवा वस्तू वेळेवर मिळत नसेल, तर जाहिरात वाढवल्याने नाराज लोकांची संख्या तेवढी वाढते.

मार्गांची निवड

एका वेळी फार तर दोन मार्ग निवडावेत. सगळीकडे थोडे थोडे असण्याचा मोह होतो, पण त्यातून कोणत्याच मार्गाची खरी परीक्षा होत नाही. निवडीचा पहिला निकष असा: आपला ग्राहक ही वस्तू शोधत असतो का? पाणी गळू लागलेला माणूस दुरुस्ती करणाऱ्याला त्याच क्षणी शोधतो. ज्याला अशी वस्तू अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, तो शोधणार तरी काय? पहिल्या स्थितीत शोध यंत्रांवर दिसणे महत्त्वाचे, दुसऱ्या स्थितीत लोक आधीच जिथे आहेत तिथे जाऊन अडचणीची ओळख करून देणे महत्त्वाचे.

शोध यंत्रांवरील जाहिरात बहुधा लिलावाने विकली जाते आणि क्लिक झाल्यावरच पैसे पडतात. गुगलने आपली जाहिरात सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांसह सुरू केली, आणि पुढे तिच्यात केवळ बोली नव्हे, तर जाहिरात शोधाशी किती सुसंगत आहे हेही क्रम ठरवू लागले. म्हणून मोजके, नेमके शब्दप्रयोग घ्यावेत, प्रत्येकासाठी त्याच प्रश्नाचे उत्तर देणारे वेगळे पान ठेवावे आणि नको असलेले शोध वगळण्याची यादी पहिल्या आठवड्यापासून बनवत जावी. 'मोफत', 'नोकरी', 'अभ्यासक्रम' असे शब्द असलेल्या शोधांवरून येणारे लोक बहुधा काही विकत घ्यायला आलेले नसतात, आणि त्यांच्या क्लिकचे पैसे मात्र आपल्या खिशातून जातात.

कोणी आपल्याच व्यवसायाचे नाव शोधले की दिसणारी जाहिरात देण्यापूर्वी एका प्रयोगाची आठवण ठेवावी. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या कंपनीत थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये कंपनीच्या नावावरील जाहिराती काही शोध यंत्रांवर बंद करून पाहिल्या. जवळजवळ सर्व लोक खालच्या बिनपैशाच्या दुव्यावरून तसेच येत राहिले. इतर शब्दांवरील जाहिरातींचा परिणाम नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर दिसला, नियमित येणाऱ्यांवर तो जवळपास नव्हता. खर्च मात्र मोठ्या प्रमाणात नियमित येणाऱ्यांवरच होत होता. ईबे सर्वांना माहीत असलेली कंपनी होती आणि हा निष्कर्ष अनोळखी व्यवसायाला जसाच्या तसा लागू होत नाही, विशेषतः आपल्या नावावर स्पर्धक बोली लावत असेल तेव्हा. तरीही जाहिरातीच्या अहवालातले सर्वांत देखणे आकडे बहुधा स्वतःच्या नावावरील शोधांचे असतात, आणि त्यांवरच सर्वांत जास्त शंका घ्यावी.

समाजमाध्यमांवर जमवलेले अनुयायी आपल्या मालकीचे नसतात. तिथे आपला मजकूर कोणाला दिसावा हे ते माध्यम ठरवते आणि ते ठरवण्याची पद्धत न कळवता बदलते. ओळख करून देण्यासाठी ही माध्यमे चांगली. पण तिथे भेटलेल्या माणसाला आपल्या स्वतःच्या यादीत यावेसे वाटेल असे काहीतरी उपयोगी हाती द्यावे: हिशेबाचा तक्ता, तपासणी सूची, नमुना पत्र.

ती यादी म्हणजे बहुतेक व्यवसायांसाठी ईमेल. या माध्यमाचा गैरवापर त्याच्याइतकाच जुना आहे: ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या संगणक जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात न विचारता पाठवली आणि ती पहिली अनाहूत व्यापारी ईमेल मानली जाते. चांगलीच आरडाओरड झाली. संगणक विकलेही गेले म्हणतात, आणि दुर्दैवाने तेवढाच धडा पुष्कळांनी घेतला. आज विकत घेतलेल्या यादीवर पत्रे पाठवणे हा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमानुसार वैयक्तिक माहिती वापरायला कायदेशीर आधार लागतो, आणि गंभीर उल्लंघनाचा दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याहून जवळचा धोका तांत्रिक आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना पाठवणाऱ्याची ओळख सिद्ध करणाऱ्या नोंदी आणि एका क्लिकने नाव कमी करण्याची सोय सक्तीची केली आहे, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे हजारात तीन जणांनी 'नको असलेली पत्रे' असे बटण दाबले, तरी बाकीच्यांनाही आपली पत्रे दिसेनाशी होऊ शकतात. म्हणून संमती घेतानाच काय आणि किती वेळा येणार हे सांगावे, आणि नाव कमी करण्याचा दुवा लपवू नये. निघून जाणारा माणूस तक्रार करणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. पत्र किती जणांनी उघडले या आकड्यावर २०२१ नंतर फार विसंबू नये, कारण ॲपलच्या ईमेल ॲपने गोपनीयतेसाठी आणलेल्या सोयीमुळे न वाचलेली पत्रेही उघडल्यासारखी मोजली जातात. उत्तरे, क्लिक आणि खरेदी मोजावी.

ग्राहकानेच दुसरा ग्राहक आणणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, पण तो वापरातच गुंफलेला असला तर. १९९६ मध्ये सुरू झालेल्या हॉटमेल या मोफत ईमेल सेवेने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत खाते उघडण्याचा दुवा ठेवला, आणि पुढील वर्षाअखेरीस मायक्रोसॉफ्टने ती सेवा विकत घेतली तेव्हा तिचे वापरकर्ते ऐंशी लाखांवर गेले होते. फायली इंटरनेटवर साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने बोलावणाऱ्याला आणि येणाऱ्याला, दोघांनाही जास्तीची साठवण जागा दिली. दुसऱ्या उदाहरणातली युक्ती अनुकरणीय आहे: बक्षीस पैशांत न देता वस्तूच्याच रूपात दिल्यास ते फक्त खऱ्या वापरकर्त्यांनाच हवेसे वाटते, आणि दोघांनाही मिळाल्यामुळे शिफारस करणाऱ्याला मित्राला विकल्यासारखे वाटत नाही.

एक मार्ग जुना आणि काहीसा कंटाळवाणा असल्यामुळे मागे पडतो. वस्तूची किंमत मोठी आणि संभाव्य ग्राहक मोजके असतील, तर जाहिरात करूच नये. पन्नास नावांची यादी करावी, प्रत्येकाच्या परिस्थितीचा अभ्यास करावा आणि प्रत्येकाशी थेट बोलावे. त्याचबरोबर, आपली गरज उभी राहण्याच्या ठीक आधी ग्राहक कोणाला भेटतो हेही पाहावे. पगारपत्रकाच्या उदाहरणात तो कर सल्लागार असेल. अशा दहा सल्लागारांशी जुळलेले संबंध महिनाभराच्या जाहिरातींपेक्षा अधिक काम देतात.

परवडणारा खर्च

किती खर्च करावा याचे उत्तर विक्रीच्या टक्केवारीत शोधू नये. एका ग्राहकामागे उरणाऱ्या रकमेत शोधावे. समजा, एका खरेदीतून १०० इतकी रक्कम येते आणि वस्तू, वितरण व सेवा यांचा खर्च ६० आहे, उरतात ४०. ग्राहक वर्षात सरासरी तीनदा येत असेल, तर वर्षाचे १२०. यांतले ४० ग्राहक आणण्यावर घालवले, तर ती रक्कम पहिल्या खरेदीतच वसूल होते. ८० घालवले, तर दुसऱ्या खरेदीपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर लागणारे खेळते भांडवल कुठून येणार हे आधी ठरवावे लागते. ग्राहक आयुष्यभरात किती देईल याचे भलेमोठे आकडे मांडून आजचा खर्च समर्थनीय ठरवण्याची पद्धत नव्या व्यवसायाने वापरू नये. ज्याला दोन वर्षेही झाली नाहीत त्याने पाच वर्षांच्या निष्ठेचा हिशेब कशावरून करावा? पहिल्या वर्षापुरतेच धरावे.

मग उलट मोजत यावे. एका ग्राहकासाठी ४० परवडत असतील आणि १०० क्लिकमधून चार चौकश्या व चार चौकश्यांतून एक खरेदी होत असेल, तर एका क्लिकला ०.४ पेक्षा जास्त देता येत नाही. बाजारात क्लिक ०.८ ला मिळत असेल, तर बोली कमी करत बसण्यापेक्षा मधल्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात: चौकशीला उत्तर किती वेळात जाते, पानावर किंमत दिसते का, अर्जात नको तेवढी माहिती विचारली आहे का. चारांऐवजी आठ चौकश्या आल्या की तोच क्लिक परवडतो. चौकशीला दुसऱ्या दिवशी उत्तर देणारा व्यवसाय अनेकदा जाहिरातीला दोष देत असतो. आणि खर्च मोजताना केवळ जाहिरातीचे बिल धरू नये. त्या कामावरच्या माणसांचा पगार, साधनांचे शुल्क आणि पहिल्या खरेदीवर दिलेली सूट हे सर्व त्यात येते.

मोजणी आणि थांबणे

हॉपकिन्स यांच्या काळात छापील जाहिरातीत कापून पाठवण्याचे कूपन असे आणि त्यावरच्या खुणेवरून ते कोणत्या जाहिरातीतून आले ते कळे. आजही प्रत्येक मार्गाला वेगळा दुवा, वेगळा सवलत-संकेत किंवा वेगळा फोन क्रमांक देता येतो. शिवाय प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमच्याबद्दल प्रथम कुठे ऐकले' हे विचारावे. संगणकीय अहवाल बहुधा शेवटच्या क्लिकला सगळे श्रेय देतो; मित्राने सांगितले, महिन्याभराने आठवले आणि मग शोध यंत्रावर नाव टाकले, तर श्रेय शोध यंत्राला जाते. त्यातच एप्रिल २०२१ पासून ॲपलच्या फोनवर ॲपना एकमेकांच्या पलीकडे माग काढण्यासाठी परवानगी मागावी लागते, त्यामुळे अहवालांतली बरीच माहिती अंदाजित असते. रक्कम मोठी असेल तर ईबेप्रमाणे करावे: एका भागात जाहिरात चालू ठेवावी, तशाच दुसऱ्या भागात बंद करावी आणि दोन्हींकडची एकूण विक्री पाहावी.

दोन मजकुरांची तुलना करताना आकड्यांची जाण हवी. सध्या १०० पैकी २ जण खरेदी करत असतील आणि नव्या मजकुराने ते प्रमाण २.५ झाले का हे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या काटेकोरपणाने पाहायचे असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे १४,००० लोक लागतात. महिन्याला हजारभर लोक येणाऱ्या व्यवसायाने बटणाचा रंग बदलून पाहण्यात अर्थ नाही. फरक खरा की योगायोगाचा हे त्याला कधीच कळणार नाही. त्याने मोठे फरक तपासावेत: दुसरा गट, दुसरी हमी, किंमत मांडण्याची दुसरी रीत. मोठा फरक थोड्या लोकांतही दिसतो.

प्रत्येक मार्ग सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: एकूण किती रक्कम घालायची, किती दिवस द्यायचे आणि कोणता आकडा आला नाही तर बंद करायचे. हे आधी लिहिले नाही, तर गुंतलेला पैसा वाचवण्यासाठी आणखी पैसा घालण्याचा मोह आवरत नाही, आणि 'जरा वेळ द्यायला हवा' हे वाक्य दर महिन्याला नव्याने पटत राहते. मुदत ठरवताना ग्राहकाला निर्णयाला लागणारा काळ धरावा; तीन महिने विचार करून घेतल्या जाणाऱ्या वस्तूची जाहिरात तीन आठवड्यांत बंद करणे हाही उतावीळपणाच. बंद केलेल्या मार्गाची नोंद तारीख, रक्कम, मजकूर आणि बंद करण्याचे कारण यांसह जपून ठेवावी, कारण वर्षभराने एखादा नवा सहकारी किंवा नवी जाहिरात संस्था तोच मार्ग नव्या उत्साहाने सुचवते, आणि त्या वेळी या वर्षात नेमके काय बदलले आहे, एवढाच प्रश्न विचारायचा उरतो.